भट्ट्यांच्या वाटेने

वसई म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे चिमाजीअप्पा उभे राहतात, १७३९ चा तो मे महिना उभा राहतो, किल्ल्याचे काळे तट उभे राहतात. खाण्यापिण्याची आवड असणाऱ्यांना सुकेळी आठवतात, आणि रोज मुंबई गाठणाऱ्यांना विरारच्या गाडीची गर्दी आठवते. पोर्तुगीज, पेशवे, केळी आणि लोकल गाडी ही वसईची चार ओळखपत्रे. पण या मुलखाची आणखी एक ओळख आहे आणि ती या चारांहूनही जुनी आहे. ती म्हणजे माती भाजण्याची. गेल्या हिवाळ्यात या पाचव्या ओळखीचा माग काढीत मी वसई तालुक्यात दोन दिवस हिंडलो, आणि तोच धागा धरून पुढे पार सौराष्ट्रात थानगडपर्यंत जाऊन आलो. त्या हिंडण्याची ही हकीकत.

सुरुवात सोपाऱ्यापासून केलेली बरी. नालासोपारा स्टेशनात उतरावे, पश्चिमेची रिक्षा धरावी आणि ‘बुरूड राजाच्या कोटा’वर सोडायला सांगावे. नाव कोटाचे असले तरी हा कोट नव्हे, बौद्ध स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड उकरले, तेव्हा आत दगडाची पेटी निघाली. पेटीत एकात एक बसवलेले करंडक होते आणि भोवती बुद्धाच्या आठ लहान कांस्यमूर्ती होत्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात सापडला; नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्याच भुईगावात मिळाला. शूर्पारक हे पश्चिम किनाऱ्यावरचे किती मोठे बंदर होते, याची ही दगडी साक्ष.

विद्वानांची नजर त्या करंडकांवर खिळली, आणि ते योग्यच झाले. माझी नजर मात्र स्तूपाच्या विटांवर होती. कोकणात पाऊस कसा पडतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. उन्हात वाळवलेली कच्ची वीट त्या पावसात एक आषाढ काढणार नाही. तिचा पुन्हा चिखल होईल. या विटा कित्येक शतकांचे पावसाळे खाऊन बसल्या आहेत. मातीच्या कणांत दोन प्रकारचे पाणी असते. एक ओलाव्याचे, ते उन्हाने जाते आणि पावसाने परत येते. दुसरे कणाच्या घडणीतच बांधलेले. ते साडेचारशे ते सहाशे अंशांच्या उष्णतेखेरीज हलत नाही, आणि एकदा गेले की साध्या भिजण्याने परत येत नाही. तेवढ्या विस्तवातून गेलेली माती मग माती राहत नाही, वीट होते. पुढे आठ-नऊशे अंशांवर तिचे कण कडांशी किंचित वितळून एकमेकांना चिकटतात, आणि विटेला टणकपणा येतो. सोपाऱ्याच्या त्या अनामिक भट्टीवाल्याला हे रसायन कोणी शिकवले नसेल. पण विस्तव किती लागतो हे त्याला पक्के ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विरारहून पूर्वेला निघालो. शिरसाडपाशी अहमदाबादचा हमरस्ता ओलांडला की पारोळ, उसगाव करीत वज्रेश्वरीला जाणारा रस्ता लागतो. उजव्या हाताला तुंगारेश्वराचे डोंगर असतात, भाताची कापणी होऊन गेलेली असते आणि शेतांतून निळसर धूर सरळ वर चढताना दिसतो. पुष्कळ प्रवासी ती शेकोटी समजतात. ती वीटभट्टी असते.

इथली भट्टी म्हणजे बांधलेली इमारत नव्हे. तिला भिंत नाही, छप्पर नाही, धुराडे नाही. विकण्याच्या विटा याच तिच्या भिंती. शेतातली माती खणायची, तीत राख किंवा भाताचे तूस घालून गारा तुडवायचा, साच्यातून विटा पाडायच्या, त्या उन्हात उलटसुलट करून वाळवायच्या आणि मग हजारोंच्या हिशेबाने रचायच्या. थरांच्या मधून तूस आणि दगडी कोळसा पेरायचा, बाहेरून मातीचे लिंपण करायचे आणि खालून पेटवून द्यायचे. मग आठवडा-दोन आठवडे विस्तव आपल्या मनाने थराथरातून चढत राहतो. तो विझला, ढीग निवला की भट्टी मोडायची. मधल्या विटा चांगल्या लाल निघतात. अगदी विस्तवाजवळच्या जास्त भाजून काळ्या-वाकड्या होतात. त्यांना खंगर म्हणतात. कडेच्या पिवळट आणि अर्धकच्च्या राहतात. आणि एवढा सगळा ढीग तापवायला जी उष्णता खर्ची पडली, ती ढीग निवताना वाऱ्यावर जाते. पुढची भट्टी पुन्हा थंड विटांपासून.

एका भट्टीवर एक बाई विटा उलटत बसली होती. शेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी तेच काम करीत होती, आईहून जरा चपळाईने.

“बाई, गाव कोणतं तुमचं?” मी विचारले.

“जव्हारकडलं.”

“इथं कधी आलात?”

“दिवाळी झाली न् आलो.”

“आणि परत?”

“पाऊस धाडील तवा,” ती हसून म्हणाली.

मुलगी शाळेत जाते का, असे विचारल्यावर तिने हातातली वीट खाली ठेवली. “चवथीत व्हती,” एवढेच म्हणाली. त्या ‘व्हती’वर मला पुढचा प्रश्न सुचला नाही.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा या भागांतली आदिवासी कुटुंबे, त्यांत कातकरी बरीच, दिवाळीनंतर अशी भट्ट्यांवर उतरतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मालकाकडून किंवा मुकादमाकडून बयाणा घेतलेला असतो. तो सहा-सात महिने विटा पाडून फेडायचा. मजुरी हजारी दराने. आठवड्याला खर्चापुरती खावटी मिळते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. तो ज्याच्या वहीत असतो त्याच्याच बाजूने बहुधा झुकतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली; परंतु कायदा कागदावरून शेतावर यायला माणसे लागतात. याच रस्त्यावरच्या उसगावात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसदेचे काम उभे केले आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना सुरू झाली. वेठबिगारांना सोडवण्याचे काम तिने या भागात चिकाटीने केले. भट्टीवर मजुरांनी तात्पुरती उभारलेली जी झोपडी असते तिला भोंगा म्हणतात. १९९० नंतरच्या दशकात याच मंडळींनी भट्ट्यांवरच मुलांच्या शाळा भरवल्या आणि त्यांना नाव दिले भोंगाशाळा. मुलांना शाळेत आणता येत नसेल तर शाळेने भोंग्याशी जावे, असा तो साधा विचार होता.

मला वाट दाखवायला विरारचे एक वृद्ध गृहस्थ बरोबर होते. उभी हयात त्यांनी गुजरातेत चिनी मातीच्या कारखान्यांत भट्टीवर काढली. त्यांना आपण मास्तर म्हणू. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, “अहो, इथे सगळा घोटाळा एकाच गोष्टीचा आहे. विस्तव पेटतो आणि विझतो. जिथे विस्तवाला मुक्काम नाही, तिथे माणसाला कुठून असणार?” मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. ते म्हणाले, “न विझणारी भट्टी बघायची असेल तर चला माझ्याबरोबर थानगडला.”

आता थोडा इतिहास सांगितला पाहिजे, नाहीतर थानगडची भट्टी कळायची नाही. विझून गेलेल्या भट्टीची उष्णता फुकट जाते, हे दुःख साऱ्या जगातल्या वीटवाल्यांचे होते. १८५८ साली जर्मनीत फ्रीडरिश हॉफमान यांनी त्यावर तोड काढली. त्यांनी भट्टी कड्यासारखी वाटोळी बांधली. विटा आपल्या जागी रचलेल्या राहतात आणि विस्तव कड्याच्या आतून गोल फिरत राहतो. पुढच्या विटांना तो आधीच ऊब देतो, मागच्या निवत असतात, आणि भाजून झालेल्या काढून तिथे नव्या रचता येतात. १८७६ च्या सुमारास विल्यम बुल या इंग्रज इंजिनियराने हिंदुस्थानासाठी हीच कल्पना स्वस्त केली. जमिनीत लांबट खंदक खणायचा आणि विस्तव त्यात फिरवायचा. उत्तर हिंदुस्थानातून आगगाडीने जाताना शेतात जी उंच धुराडी दिसतात, ती याच वंशातली. या साऱ्या भट्ट्यांत माल थांबतो आणि विस्तव चालतो.

मग कोणाच्या तरी डोक्यात उलटा विचार आला. विस्तवाला एका जागी बसवून मालालाच चालायला लावले तर? ही कल्पना एकोणिसाव्या शतकात युरोपात अनेकांनी करून पाहिली आणि विसाव्या शतकात ती कारखान्यांत रुळली. हीच बोगद्याची भट्टी, इंग्रजीत जिला टनेल किल्न म्हणतात.

बोरिवलीहून रात्रीची सौराष्ट्राची गाडी धरली. सकाळी सुरेंद्रनगर मागे टाकून थानगडला उतरलो. मराठी माणसाने इथे उतरताना थोडी मान ताठ करायला हरकत नाही. थानगड-मोरबीच्या माळरानात चिनी मातीच्या उद्योगाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत परशुराम गणपुले या मराठी गृहस्थांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या नावाचे ‘परशुराम पॉटरी वर्क्स’ हे कारखाने एके काळी त्या भागात सर्वतोमुखी होते. आज मोरबीच्या फरश्या आणि थानगडची मोरी-न्हाणीघरातली पांढरी भांडी देशभर जातात.

मास्तरांच्या ओळखीच्या एका कारखान्यात आम्ही शिरलो. समोर होता लांबच लांब विटांचा बोगदा, आगगाडीच्या दोन-तीन डब्यांइतका. आत जमिनीवर रूळ आणि रुळांवर गाड्या. गाडी म्हणजे लोखंडी चौकट आणि वर अग्निरोधक विटांचा ओटा. ओट्यावर न भाजलेली वॉशबेसिने आणि शौचकुपाची भांडी मांडलेली होती. गाड्या एकीला एक चिकटून बोगदाभर उभ्या असतात. ठरलेली मिनिटे झाली की यंत्राचा दांडा या टोकाची गाडी आत रेटतो; सगळी रांग एक गाडीभर पुढे सरकते आणि त्या टोकाने एक भाजलेली गाडी बाहेर येते. विरारच्या लोकलमध्ये एक उतारू आत घुसला की पलीकडच्या दाराने एक बाहेर पडतो, तसाच प्रकार. फरक एवढाच की इथे कोणी भांडत नाही.

विस्तव फक्त बोगद्याच्या मध्यावर. तिथे दोन्ही भिंतींतून गॅसच्या ज्वाला आत सुटतात. बाकीचा बोगदा विस्तवाशिवाय तापतो आणि निवतो, आणि खरी हुशारी त्यातच आहे. थंड हवा सोडायची ती बाहेर पडण्याच्या टोकाने. ती भाजून निघालेल्या भांड्यांवरून जाते, त्यांना निववते आणि स्वतः तापते. अशी तापलेली हवा मध्यावर पोचली की ज्वालांना कमी गॅस पुरतो. तिथला जळका वायू पंख्याने आत येण्याच्या टोकाकडे ओढला जातो आणि वाटेत नव्या थंड भांड्यांना ऊब देत देत धुराड्याने निघून जातो. म्हणजे माल एका दिशेने चालतो, वारा उलट दिशेने. जाणारा आपली ऊब येणाऱ्याला देऊन जातो. शेतातल्या भट्टीत जी उष्णता वाऱ्यावर जाते, ती इथे पुष्कळशी पुन्हा कामाला लागते.

“पण ती चाके वितळत नाहीत का?” मी विचारले. मास्तरांनी मला वाकून पाहायला सांगितले. गाडीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे पट्टे खाली लोंबतात आणि ते भिंतीलगतच्या वाळू भरलेल्या चरातून सरकत जातात. त्या वाळूमुळे वरची उष्णता खाली उतरत नाही. वर बाराशे अंशांच्या घरातला विस्तव, आणि खाली चाकातले वंगणही शाबूत! लाखो रुपयांच्या या यंत्राची अब्रू एका वाळूच्या चराने राखलेली आहे.

भिंतीतल्या लहानशा भोकाला निळी काच लावून मी आत डोकावलो. ज्वाला दिसेल असे वाटले होते. दिसला तो नुसता पिवळा-पांढरा प्रकाश. आधी काहीच उमगेना. भांडी, भिंत, छत सगळे एकाच तेजाने तापलेले, त्यामुळे एकापासून दुसरे वेगळे दिसत नव्हते. सावली नावाची चीज तिथे उरलीच नव्हती. मास्तर म्हणाले, “असं एकसारखं दिसलं की समजायचं भट्टी सुखात आहे. एखाद्या कोपऱ्यात काळपट दिसलं की आपली झोप गेली.”

या प्रवासात घाई चालत नाही. सुरुवातीला ओलावा हळूहळू गेला नाही तर वाफेने भांडे तडकते. मातीतले सेंद्रिय द्रव्य वेळेवर जळून गेले नाही तर पोटात काळा डाग राहतो. आणि सगळ्यांत फसवी जागा आहे निवताना, ५७३ अंशांवर. मातीत गारेचे कण असतात. त्या अंशाला त्यांची घडण एकदम बदलते आणि ते आकसतात. तिथे गार वारा जरा जास्त लागला की आतापर्यंत सगळ्यातून निभावलेले भांडे चिरते. अर्ध्या दिवसापासून दोन-तीन दिवसांपर्यंत, ज्या त्या वस्तूप्रमाणे हा प्रवास चालतो. भाजण्यापेक्षा निवणे अवघड, हे मास्तरांचे म्हणणे मला भट्टीपुरतेच खरे वाटले नाही.

या बोगद्यांतून काय काय भाजून निघते याची यादी करायला बसलो तर पान पुरणार नाही. न्हाणीघरातली भांडी, कपबश्या, कौले आणि युरोपात तर साध्या विटासुद्धा. विजेच्या तारांना खांबापासून वेगळे ठेवणारे चिनी मातीचे चकत्यांचे खुंटे. १९३६ साली बोरिवलीपासून विरारपर्यंत विजेची गाडी आली ती अशाच खुंट्यांच्या आधाराने. पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावायच्या अग्निविटा. त्यांना पंधराशेच्याही वर न्यावे लागते. धार लावण्याच्या चाकांपासून ध्वनिवर्धकातल्या लोहचुंबकापर्यंत पुष्कळ वस्तू याच वाटेने जातात. पातळ फरश्यांसाठी हल्ली गाड्यांऐवजी फिरत्या रुळांची भट्टी वापरतात. ती याच बोगद्याची धाकटी बहीण.

मात्र या विस्तवाची एक अट आहे. तो विझवता येत नाही. म्हणजे विझवता येतो, पण अग्निविटांचे सगळे बांधकाम हळूहळू निववायला आणि पुन्हा हळूहळू तापवायला कितीतरी दिवस जातात. घाई केली तर भट्टीच चिरते. म्हणून ती रात्रंदिवस, सणावाराला चालू. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गाव फटाके उडवीत असते आणि पाळीवरचा माणूस घड्याळाकडे बघत गाडी आत रेटत असतो. मास्तरांनी अशा कितीतरी दिवाळ्या भट्टीपुढे काढल्या. “घरी यायचो भाऊबीजेला,” ते म्हणाले. “पण एक सांगतो. आमचं बिऱ्हाड एका गावात राहिलं. पोरं एका शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकली.”

परतीच्या गाडीत मला हेच वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होते. बारमाही विस्तवाने मास्तरांच्या मुलांना बारमाही शाळा दिली. शिरसाड-पारोळच्या हंगामी विस्तवाने जव्हारच्या मुलीला ‘चवथीत व्हती’ केले. मग वसईच्या शेतांत बोगदे बांधले की प्रश्न सुटेल काय?

इतके सोपे असते तर ते केव्हाच झाले असते. शेतातल्या भट्टीला भांडवल फार लागत नाही. जागा हंगामापुरती खंडाने मिळते आणि पाऊस आला की धंदा आपोआप आटोपतो. बोगद्याला कोटींचे भांडवल लागते, गॅसची नळी लागते, पावसाळ्यातही माती सुकवायला छप्पर लागते आणि वर्षभर गिऱ्हाईक लागते. शिवाय या बोगद्यापाशी मी माणसे मोजली, तर ती दोन हातांच्या बोटांवर मावली. त्या बाईच्या मुलीला शाळा मिळेलही. पण त्या बाईला काम मिळेल का, याचे उत्तर बोगदा देत नाही. इकडे विटांचे दिवसही बदलत आहेत. वसई-विरारचे नवे मजले पुष्कळ ठिकाणी सिमेंटच्या आणि राखेच्या ठोकळ्यांनी उभे राहतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये धूर कमी करणाऱ्या भट्ट्यांची सक्ती करणारी अधिसूचना काढली. शेतातला निळा धूर आज ना उद्या ओसरेल. धूर जाईल त्या दिवशी त्याच्याखालची माणसे कुठे जातील, एवढा प्रश्न तेवढा आपण आज विचारून ठेवला पाहिजे.

हॉफमानने विस्तवाला चालवले आणि माल थांबवला. बोगद्यावाल्यांनी माल चालवला आणि विस्तव थांबवला. आमच्याकडे माल थांबतो, विस्तवही थांबतो, आणि चालतात ती माणसे, पोराबाळांसकट. उष्णता वाया जाऊ नये म्हणून जगाने दीडशे वर्षे डोके खपवले. त्यातले थोडेसे डोके या चालणाऱ्या पायांसाठी खपले, तर बयाण्याऐवजी पावसाळ्यात गावीच काम देता येईल, भट्टीवर आलेल्या मुलाचे नाव तिथल्याच शाळेत त्याच दिवशी घालता येईल, आणि हिशेबाची वही दर आठवड्याला मजुरापुढे उघडता येईल. यांतल्या एकाही गोष्टीला बाराशे अंशांची गरज नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी पणत्या लागलेल्या असतील. पणतीही कुणीतरी भाजलेलीच असते. आणि भाऊबीज उरकली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर भांडीकुंडी बांधली जातील, कोंबड्या टोपलीत जातील, दाराला कडी लागेल आणि वसईच्या वाटेला टेम्पो भरून निघतील. त्या टेम्पोत दप्तरे किती आहेत, ते या वर्षी कोणीतरी मोजावे.